आईसाठी एक खुर्ची

श्रीवर्धनहून अलिबागला यायला दोन वाटा आहेत. एक म्हसळा-माणगाववरून जाणारी, लांबची आणि वळणावळणांची. दुसरी दिघीची. दिघीच्या धक्क्यावर गाडी जंगल जेट्टीवर, म्हणजे फेरीबोटीवर, चढवायची, राजपुरीची खाडी ओलांडून आगरदांड्याला उतरायचं आणि मुरूड, काशीद, रेवदंडा करत अलिबाग गाठायचं. पर्यटकांना ही दुसरी वाट फार आवडते. मुरूड सोडल्यावर डाव्या हाताला समुद्र लागतो, मधेमधे सुरूची बनं आणि वाळूत खेचून ठेवलेल्या होड्या दिसतात.

याच रस्त्यांवरून रुग्णवाहिकाही जातात. कधी त्यांत पोटात कळा घेऊन बसलेली बाई असते, कधी नुकतंच जन्मलेलं, ओंजळीत मावेल एवढं बाळ. बाळ असलं की त्याच्याबरोबर बहुतेक वेळा बाप असतो, नाहीतर आजी किंवा आत्या. टाके ताजे असलेली आई मागे, जिथे बाळंत झाली तिथेच राहते. बाळ एका गावी आणि आई दुसऱ्या गावी, अशी त्या कुटुंबाची सुरुवात होते.

घरी निरोप जातो, ‘बाळ पेटीत आहे.’ आगरी-कोळी घरांत म्हणतात, ‘पोरगा पेटीन हाय.’ महाराष्ट्रात कुठेही गेलं तरी लोकांचा शब्द हाच, पेटी किंवा काचेची पेटी. खरं तर सरकारी कक्षांत बंद काचपेटीपेक्षा वरून उघडे, माथ्यावर उष्णतेचा दिवा असलेले वॉर्मरच जास्त दिसतात. पण ‘पेटी’ हा शब्द लोकांनी उगीच धरून ठेवलेला नाही. बाळ आपल्या हातात नाही, कुठेतरी बंद आहे, ही भावना त्यात नेमकी उतरली आहे.

आजारी नवजात बाळांसाठी जिल्हा रुग्णालयांत जे विभाग चालतात त्यांना ‘विशेष नवजात काळजी कक्ष’ म्हणतात. कर्मचाऱ्यांच्या बोलण्यात ‘एसएनसीयू’. देशातला अशा प्रकारचा पहिला कक्ष २००३ साली पश्चिम बंगालमधल्या पुरुलियाच्या जिल्हा रुग्णालयात उभा राहिला. २०११ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनंतर हे जाळं देशभर पसरलं. रायगडच्या किनाऱ्यावरच्या कुटुंबांसाठी हे ठिकाण म्हणजे अलिबागचं जिल्हा रुग्णालय. तिथे २०२१-२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं आहे. १,८०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेलं बाळ अशा कक्षात दाखल करायचं, असा नियम आहे. त्याहून मोठे उपचार लागले, तर पुढचा प्रवास कामोठ्याला, नाहीतर मुंबईत शीवला, जेजेला किंवा परळच्या वाडिया रुग्णालयात होतो.

या जाळ्याने पुष्कळ जीव वाचवले. २०२० च्या नमुना नोंदणी सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात हजार जिवंत जन्मांमागे ११ बाळं पहिल्या महिन्यात दगावत होती. देशाचा आकडा २० होता. यंत्रं आली, औषधं आली, शिकलेल्या सिस्टर आल्या. प्रश्न राहिला तो आईचा. बाळासाठी वॉर्मर आहे, सलाईनचा पंप आहे, कावीळ उतरवणारा निळा दिवा आहे. आईने कुठे बसायचं, याचा विचार या मांडणीत सगळ्यात शेवटी झाला.

आपल्याकडे बाळंतिणीचे दिवस कसे ठरलेले असतात! पाचव्या दिवशी सटवाईची पूजा, त्या रात्री ती येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते अशी समजूत. बाराव्या दिवशी बारसं. शेक-शेगडी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, टोपडी-दुपटी. बाळ कक्षात असलेल्या बाईच्या वाट्याला हे सगळं अर्धवट येतं. पाचवीला पाटा-वरवंटा मांडायचा की नाही, हे घरात कुणी धड बोलत नाही. बारसं पुढे ढकललं जातं, म्हणून बाळाला नावही नसतं. पायाच्या पट्टीवर आईचंच नाव असतं. दूध दाटून येतं आणि प्यायला बाळ नसतं. शेजारच्या खाटांवर बाळं रडत असतात. त्यात कुणीतरी मायेनेच म्हणतं, ‘तू आराम कर, डॉक्टर बघतायत ना बाळाकडे.’ आपल्याविना बाळाचं सगळं चाललं आहे, हेच तिला सर्वांत जास्त लागतं.

वैद्यकशास्त्राला ही गोष्ट फार आधी दिसली होती. पॅरिसचे डॉक्टर पियेर बुदँ यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत लिहून ठेवलं, की पेटीतल्या बाळापासून दूर ठेवलेल्या आया हळूहळू बाळातून मन काढून घेतात; म्हणून आईला जवळ ठेवा, तिला पाजू द्या. पण पुढची पन्नास-साठ वर्षं जंतुसंसर्गाच्या भीतीने दारं बंदच राहिली. अमेरिकेत कोनी आयलंडच्या जत्रेत १९०३ ते १९४३ अशी चाळीस वर्षं मार्टिन कूनी नावाचा माणूस अपुऱ्या दिवसांची बाळं पेट्यांत ठेवून तिकीट लावून दाखवत असे. त्या पैशांवर उपचार चालत आणि आईबापांकडून तो काही घेत नसे. त्याने हजारो बाळं वाचवली, हे खरंच. तरी बाळ आत आणि माणसं कठड्याबाहेर, हे त्या काळाचं चित्र आहे आणि पुढे रुग्णालयांनीही तेच ठेवलं. १९६० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या रुग्णालयाने आयांना हात धुऊन आत घेऊन पाहिलं. संसर्ग वाढला नाही.

खरा बदल आला तो टंचाईतून. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात एडगर रे सानाब्रिया यांच्या विभागात बाळं जास्त आणि पेट्या कमी अशी स्थिती होती. एकेका पेटीत दोन-तीन बाळं ठेवावी लागत आणि एकाचा संसर्ग दुसऱ्याला होई. रे यांनी स्थिरावलेली बाळं आयांच्या उघड्या छातीशी उभी बांधायला सुरुवात केली. कांगारू पद्धत ती हीच. पुढच्याच वर्षी एस्टोनियात टॅलिन शहरी आदिक लेविन यांनी, सिस्टर पुरेशा नाहीत म्हणून, आजारी बाळांची रोजची शुश्रूषा आयांच्याच हाती दिली.

मुंबईतही असंच घडलं. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, ज्याला सगळे सायन हॉस्पिटल म्हणतात, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्याकडे नवजात विभाग होता. बाळं संसर्गाने दगावत होती, सिस्टर अपुऱ्या होत्या, धारावी आणि आसपासच्या वस्त्यांतल्या गरीब बायका बाळंतपणाला येत होत्या. डॉ. फर्नांडिस यांनी आयांना आत घेतलं. बाटल्या आणि डब्याचं दूध बंद केलं आणि बाळाला आईचंच दूध, असा दंडक घातला. ज्या बाळाची आई आजारी आहे किंवा दूर आहे, त्याचं काय? त्या प्रश्नातून १९८९ साली याच रुग्णालयात आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू झाली. दान केलेलं दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून, गोठवून ठेवतात आणि ज्यांना अगदीच गरज आहे अशा बाळांना देतात. रायगडातून मुंबईला पाठवलेल्या, आई मागे राहिलेल्या बाळासाठी अशी पेढी किती मोलाची असते, हे वेगळं सांगायला नको.

टंचाईतला हा तोडगा म्हणजे गरिबांचा उपचार, श्रीमंत देशांत यंत्रं आहेत, असं बरीच वर्षं मानलं गेलं. हा समज २०२१ साली मोडला. घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि भारत अशा पाच देशांतल्या पाच रुग्णालयांत, १ किलो ते १,७९९ ग्रॅम वजनाच्या ३,२११ बाळांचा अभ्यास झाला. भारतातलं रुग्णालय होतं दिल्लीचं सफदरजंग. एका गटातल्या बाळांना, ती पूर्ण स्थिर होण्याची वाट न बघता, जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी ठेवलं. त्यासाठी अतिदक्षता कक्षातच आईची खाट टाकली आणि आईची तपासणीही तिथेच केली. या बाळांना दिवसाचे साधारण १७ तास आईचा स्पर्श मिळाला, तर नेहमीच्या पद्धतीतल्या बाळांना कक्षात असेपर्यंत जेमतेम दीड तास. २८ दिवसांत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आलं. फरक इतका उघड होता, की देखरेख समितीने अभ्यास मुदतीआधीच थांबवायला सांगितला. कारण एका गटातल्या बाळांना आईपासून दूर ठेवणं आता योग्य राहिलं नव्हतं.

२०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस बदलली. कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांना जन्मानंतर लवकरात लवकर, दिवसाचे ८ ते २४ तास कांगारू पद्धतीने ठेवा, असं तीत म्हटलं आहे. भारत सरकारने तर २०१७ मध्येच ‘कुटुंब-सहभागी शुश्रूषे’च्या मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयात डॉ. आरती मारिया यांनी आईबापांना कक्षात घेऊन, शिकवून जे काम उभं केलं, त्यातून त्या आल्या. आईबाप हे ‘भेटायला आलेले नातेवाईक’ नव्हेत, ते उपचाराचाच भाग आहेत, हे आता सरकारी कागदावरही आहे.

कागदावरून खाटेपर्यंत ते कसं येतं, हे जवळून बघण्यासारखं आहे.

आधी हात. अंगठी काढायची, घड्याळ काढायचं, बांगड्या काढायच्या. इथेच पहिला अडसर येतो. हिरवा चुडा उतरवायला कोकणातली सासू सहजी तयार होत नाही. समजूतदार सिस्टर कारण आधी नीट सांगते, वाद घालत बसत नाही. मग कोपरापर्यंत साबण, बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा. चपला बाहेर, स्वच्छ गाऊन अंगात. बाळाला फक्त टोपडं, मोजे आणि लंगोट. आईने मागे रेलून बसायचं. बाळाला दोन्ही स्तनांच्या मध्ये उभं ठेवायचं, मान किंचित वर आणि चेहरा एका बाजूला, म्हणजे श्वास मोकळा राहतो. हातपाय बेडकासारखे दुमडलेले. त्यावरून मऊ कापडाची झोळी घट्ट बांधायची. नाकातली नळी, पायाला लावलेली ऑक्सिजन मोजायची वायर, सगळं तसंच राहतं. पहिल्यांदा आईचे खांदे भीतीने वर चढलेले असतात. थोड्या वेळाने ते खाली येतात. मॉनिटरवरचे आकडेही स्थिरावतात आणि ते आईला दिसतात.

मग दूध. ३४ आठवड्यांच्या आतल्या बाळाला ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ घालता येत नाही. म्हणून आईने दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, हाताने दूध काढायचं. पहिल्या दिवशी थेंबभर पिवळा चीक निघतो. तेवढाही टाकायचा नाही. ते आधी नळीतून देतात, पुढे बोंडल्याने. आजीच्या कपाटातलं चांदीचं बोंडलं विस्मरणात गेलं. त्याच आकाराचं, चोचीचं भांडं आज नवजात कक्षात रोज वापरलं जातं. ते कसं धरायचं, बाळाच्या ओठाच्या कोपऱ्याशी कसं टेकवायचं, हे आजीला आधीच माहीत असतं. पाच मिलिलिटर दूध बोंडल्याने पाजायला वीस मिनिटंही लागतात. एवढा वेळ प्रत्येक बाळाला द्यायचं सिस्टरने मनात आणलं तरी ते तिला कुठून जमणार? आई तो देऊ शकते, आजी देऊ शकते. छातीशी धरायचं काम तर बापही करू शकतो, आणि तोही तितकीच ऊब देतो.

आईबापांना आधार द्यायचा म्हणजे काय, याचं अर्धं उत्तर यातच आहे. हाताला काम द्या. उरलेलं अर्धं उत्तर बोलण्यात आहे.

कक्षाबाहेरच्या बाकावर रोज एकच प्रश्न असतो, ‘आज किती भरलं?’ वजन, ग्रॅममध्ये. पहिल्या आठवड्यात अशा बाळाचं वजन उतरतं. ते अपेक्षितच असतं आणि पुढे भरून येतं. ही गोष्ट आधी सांगितली नसेल, तर १,४०० चे १,२८० झालेले ऐकून बाप हबकतो. दुसरी एक समजूत घरोघरी आहे, सातव्या महिन्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही. हे खोटं आहे. पोटातला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो. पण अठमाशा बाळाची आई ही म्हण मनात धरून आतल्या आत झुरत असते आणि डॉक्टरांना विचारायला लाजते. ‘सीपॅप लावलाय’, ‘सेप्सिस आहे’ असं राऊंडच्या घाईत बोललेलं तिला कळत नाही. ‘श्वासनळ्या उघड्या राहाव्यात म्हणून नाकातून दाबाने हवा देतोय’ असं म्हटलं तर कळतं. दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, एकाच माणसाने, बसून आणि दोघांनाही एकत्र सांगावं. याला पैसा लागत नाही.

वाईट बातमीही अशीच सांगायला हवी. बाळ वाचलं नाही, तर आईला ते हातात घेऊ द्यावं, हवा तेवढा वेळ. ‘बघू नकोस, त्रास होईल’ म्हणून तिला दूर ठेवणारे तिचं भलंच चिंतत असतात, तरी ते चुकतात. केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२२ च्या आदेशाने आपल्या महिला कर्मचाऱ्यांना, बाळ मृत जन्मल्यास किंवा जन्मल्यावर लगेच दगावल्यास, ६० दिवसांची विशेष रजा दिली. दुःखाला रजा लागते, हे त्यातून मान्य झालं.

भंडाऱ्याची आठवण इथे टाळता येत नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे तिथल्या जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागली. १७ पैकी १० बाळं गेली, ७ वाचवता आली. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. बंद दाराबाहेर बसलेल्या कुठल्याही बापाच्या मनात ती रात्र असणारच. ‘आत काय चाललंय’ या त्याच्या प्रश्नावर कुणी चिडू नये.

पैशाचं काय? १ जून २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या आणि ने-आण मोफत केली. राज्याची जीवनदायी योजना, आजची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना, जुलै २०१२ मध्ये पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता. तरीही एक फट राहिली आहे. जननी शिशु कार्यक्रमाच्या मूळ तरतुदीत बाळंतिणीला मोफत जेवण मिळतं ते साध्या बाळंतपणात ३ दिवस आणि सिझेरियनमध्ये ७ दिवस. बाळ मात्र महिनाभरही आत असू शकतं. चौथ्या नाहीतर आठव्या दिवसापासून त्या बाईने काय खायचं आणि कुठे झोपायचं? आणि तिने पोटभर खाल्लं नाही, तर बोंडल्यात दूध येणार कुठून?

बापाची गोष्ट वेगळी. हंगामात खलाशी होडीवर गेला की कित्येक दिवस समुद्रात असतो. बाळ लवकर झाल्याचा निरोपच त्याला उशिरा मिळतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. तेव्हा तो घरी असतो, पण हातात पैसा नसतो, आणि त्याच दिवसांत गेटवे-मांडवा लाँचही बंद असते. मार्च २०२० पासूनची रो-रो बोट आहे, पण हवा बिघडली की तीही थांबते. मग मुंबईत असलेल्या बाळाकडे जायला सगळा वळसा रस्त्याने. कातकरी कुटुंबांचे हाल याहून मोठे. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेली बाई तिथेच अडली, तर मागे घरही नसतं आणि आजीही नसते. नोकरदार बाईला कायद्याने २६ आठवडे रजा आहे आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणातून आजारपण आलं, तर आणखी एक महिना. मासळी विकणारीला, भट्टीवर राबणारीला यातलं काही नाही. ब्रिटनमध्ये ६ एप्रिल २०२५ पासून बाळ नवजात कक्षात असलेल्या नोकरदार आईबापांना त्यासाठीच जास्तीत जास्त १२ आठवड्यांची वेगळी रजा मिळते. असा विचार आपल्या कामगार खात्याने करायला हवा, आणि तो असंघटित बायकांपासून सुरू व्हायला हवा.

घरी सोडल्याचा दिवस आनंदाचा असतो आणि भीतीचाही. इतके दिवस मॉनिटर होता, आता नाही. रात्रभर आई बाळाच्या पोटाकडे बघत बसते, श्वास चालू आहे ना. इथून पुढचा आधार आशाताईंचा. त्यामागे गडचिरोली आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिथल्या ३९ गावांत बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळाची काळजी घेतली. तीन वर्षांत तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचा त्यांचा निबंध डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यावरून २०११ मध्ये देशभर आशांच्या गृहभेटी सुरू झाल्या. रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. कक्षातून सुटलेल्या बाळाकडे सुटल्यापासून. या सगळ्या फेऱ्यांचे आशाताईला मिळतात २५० रुपये. कमी आहेत, फारच कमी.

एक तारीख मात्र आईबापांनी स्वतः लक्षात ठेवायची, जन्मापासूनचा तिसावा दिवस. ३४ आठवड्यांच्या आतल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा डोळ्याचा पडदा तोवर तज्ज्ञाकडून तपासून घ्यायलाच हवा. अशा बाळांत पडद्याचा एक आजार होतो. वेळेत लेसर झाला तर दृष्टी वाचते, उशीर झाला तर जाते. बाळ बाहेरून अगदी छान दिसत असतं, म्हणूनच ही तपासणी राहून जाते. कानांचीही तपासणी करावी. आणि ‘अजून बसत नाही?’ असं कुणी विचारलं, तर वय बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेपासून मोजायचं. दोन महिने आधी आलेल्याला दोन महिन्यांची सूट. लस मात्र जन्मतारखेनेच द्यायची.

आईचं रडू दोन आठवड्यांनंतरही थांबत नसेल, झोप उडाली असेल, बाळाला हात लावावासा वाटत नसेल, तर तो बाहेरचा वारा नव्हे आणि तिचा दोषही नव्हे. उपचार आहेत. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

१७ नोव्हेंबर हा अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा जागतिक दिवस, दिवाळीच्या आगेमागेच येतो. २०२० या एका वर्षात भारतात अशी सुमारे ३० लाख बाळं जन्मली. रायगडच्या किनाऱ्यावर गणेशोत्सव मंडळं आहेत, मच्छीमार सोसायट्या आहेत, देवस्थानं आहेत, मुंबईहून शनिवार-रविवारी येणारी बंगल्यांची मालक मंडळीही आहेत. देणगी द्यायची म्हटली की यंत्राचं नाव निघतं आणि त्यावर पाटी लागते. यंदा खुर्ची द्या. मागे रेलता येईल, पाय वर घेता येतील, रोज पुसून स्वच्छ करता येईल अशी, बाळाला छातीशी बांधून बाई सलग तीन-चार तास बसू शकेल अशी. आणि तिच्याबरोबर, मोफत जेवण संपतं त्या दिवसापासूनचा डबा. जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या नवजात कक्षात जा, तिथल्या सिस्टरना विचारा, अशा किती खुर्च्या लागतील आणि किती डबे. त्या सांगतील तेवढे द्या.